आमच्या घरचा विरक्त

धनुर्मास लागला की तंजावूर लवकर जागं होतं. उजाडायच्या आत मेलवीधी या आमच्या रस्त्यावर सडे पडतात, दारोदारी तांदळाच्या पिठाचे कोलम उमटतात आणि त्यांच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल येऊन बसतं. भजनी मंडळी झांजा वाजवत देवळाकडे निघतात. मोठ्या देवळाचं शिखर धुक्यात अर्धं बुडालेलं असतं. मुगाची खिचडी, तूप आणि मिरी यांचा वास गल्लीभर हिंडत असतो. सगळ्या गावाला हा महिना प्रिय आहे. मला नाही. तुपात पडलेल्या मिऱ्यांचा वास आला की दिवसभर आपण कुणाचं तरी काहीतरी बुडवलंय असं वाटत राहतं.

माझी धाकटी बहीण गोदा मात्र या महिन्यात खुशीत असते. ती विधवा आहे, माझ्याच घरी राहते. आमच्या रीतीप्रमाणे तिने दारात बसून कोलम काढायचा नाही, म्हणून ती उंबऱ्याच्या आत उभी राहून माझ्या सुनेला ठिपके सांगते. "तिंगे नक्को, अजून एक बोट डावीकडे." सून नव्या वळणाची, ती कधी कधी चिडते. गोदा चिडत नाही. आलवणाचा पदर डोक्यावर नीट ओढून घेते आणि पुन्हा ठिपके सांगायला लागते. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसतो, पण एक अक्षर वाचत नाही.

मी सतरा वर्षांचा होतो आणि घराण्यातला कॉलेजात जाणारा पहिला मुलगा होतो. तंजावूरचं मराठी राज्य खालसा होऊन पन्नासएक वर्षं उलटली होती. आजोबांनी राजवाड्याच्या दफ्तरात मोडी लिहिली, वडिलांनी कलेक्टर कचेरीत इंग्रजी नकला केल्या, आणि आता मी एफ.ए. होणार म्हणून आईने देवापुढे अखंड नंदादीप लावला होता. कुंभकोणमला मला पोचवायला निम्मी गल्ली स्टेशनवर आली. तंजावूरच्या शाळेत मी पहिला यायचो. शाळेतला पहिला म्हणजे विहिरीतला बेडूक, हे कॉलेजाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. प्रोफेसर इंग्रजीत बोलायचे आणि मी पहिल्या वाक्याचा अर्थ लावेपर्यंत त्यांची पुढची चार वाक्यं निघून गेलेली असायची. शेजारची मुलं भराभरा लिहीत. मी लिहिल्याचं सोंग करी.

खरं सांगायचं तर अभ्यास एवढा अवघड नव्हता. काहीतरी दुसरंच बिघडलं होतं आणि त्याला माझ्याजवळ नाव नव्हतं. बिऱ्हाडातली चार मुलं संध्याकाळी कावेरीवर जात, थट्टा करत, एकमेकांच्या शेंड्या ओढत. मी त्यांच्यात बसलेला असे, पण त्यांचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा यायचा. खाणावळीतला म्हातारा आचारी रोज माझ्या पानाकडे बघून म्हणायचा, "साप्पिडु, थंबी," म्हणजे जेव रे बाळा. मी भात चिवडून उठायचो. पहाटे कधीतरी टक्क जाग यायची, छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, आणि घरच्यांनी आपल्यापायी काय काय केलं ते एकेक करून डोळ्यांसमोर यायचं. दिवाळीला घरी आलो तो परत गेलोच नाही.

आता त्या दिवसांकडे बघतो तेव्हा हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते. मला काय झालंय हे घरात कुणालाच कळलं नाही, कारण सगळ्यांना ते आधीच ठाऊक होतं. आमच्या घराण्यात अशी समजूत होती की दर तिसऱ्या पिढीला एक विरक्त निपजतो. पणजोबांचे धाकटे भाऊ दरबारातली नोकरी सोडून मठात गेले होते. वडवार नदीच्या काठी त्यांचं समाधी-वृंदावन आहे आणि तिथे आम्ही दरवर्षी नैवेद्य नेतो. त्यांच्यानंतरची तिसरी पिढी म्हणजे मी. एवढा हिशेब जुळल्यावर मग आणखी काय बघायचं?

मी पहाटे जागा असतो, म्हणजे ब्राह्ममुहूर्त साधतो. मी जेवत नाही, म्हणजे आहार जिंकला. मी बोलत नाही, म्हणजे मौन धरलं. मठात कीर्तन चाललेलं असताना माझ्या डोळ्यांतून उगाच पाणी गळायला लागलं, तर शेजारची माणसं मला वाट करून द्यायला मागे सरली. कसला भाव आणि कसलं काय, मला त्या वेळी कीर्तनातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. मला फक्त एवढंच वाटत होतं की इतक्या माणसांतून उठून बाहेर कसं जावं.

वडिलांना मी तेव्हा जितकं आनंदी बघितलं तितकं आधी किंवा नंतर कधी बघितलं नाही. कचेरीत दिवसभर साहेबाची बोलणी खाल्लेला माणूस घरी येई तो ताठ मानेने. राजवाडा ओस पडला तशी आमच्या घरची वर्दळही आटली होती. आता पुन्हा माणसं येऊ लागली. मुडदूस झालेलं मूल घेऊन एक बाई आली आणि तिने ते माझ्या पायांवर घातलं. त्या पोराच्या हाडकुळ्या पाठीचा स्पर्श मला अजून आठवतो. आपण या बाईला फसवतोय असं वाटत होतं, पण "मी कुणी नाही" एवढे तीन शब्द काही फुटेनात. गप्प राहिलो की लोक आणखीच वाकत. भीक नको पण कुत्रा आवर अशी माझी गत झाली होती, आणि कुत्रा तर माझाच होता.

एका एकादशीला वडील स्वतः माझ्या पाया पडले. ओसरीवर, चारचौघांसमोर. मी पाय मागे घेतले तर म्हणाले, "असूं दे, रामा. बाप म्हणून नाही पडत मी." त्यांच्या टाळूवरचे विरळ पांढरे केस मला वरून दिसले. त्या केसांची आठवण आली की आजही मला बसल्या जागेवरून उठावंसं वाटतं.

पहाटे मी परसातल्या विहिरीवर जात असे. लोक म्हणत, थंडीत गार पाण्याने स्नान करतो, केवढं हे बळ. स्नान मी करत होतो खरा, पण त्याआधी बराच वेळ विहिरीत वाकून उभा राहत होतो. मागे फिरायचं की नाही, एवढाच विचार तेव्हा डोक्यात असे. तेवढ्यात गोदा येई. अकरा वर्षांची, झोपेने डोळे सुजलेले, खांद्यावर माझा सुका पंचा. काही न बोलता ती विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राही आणि मी अंग पुसून घरात शिरेपर्यंत हलत नसे. बायका आईला म्हणत, "काय सेवा करते पोर भावाची." मलाही ती सेवाच वाटायची. कधी कधी तिचा रागही येई, कारण ती असली की मला एकटं राहता येत नसे.

आईचं मात्र मला अजून नीट उलगडलेलं नाही. एकदा माझी आत्या हलक्या आवाजात तिला म्हणाली, "वहिनी, ह्याला डोक्याचं तर काही नाही ना?" आई भाजी चिरत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "धाकटीचं लग्न व्हायचं आहे, वन्सं. तोंड सांभाळून बोला." पुढे फार वर्षांनी मी तिला विचारलं की तुला तेव्हाच कळलं होतं का. ती म्हणाली, "कळून काय करणार होतें? वेडा म्हणण्यापेक्षा साधू म्हटलेलं काय वाईट?" वेड्याच्या बहिणीला स्थळ मिळत नाही, साधूच्या बहिणीला मिळतं. आईने तिला जमेल तसं मला झाकलं, आणि मी त्या पांघरुणाखाली गुदमरत होतो.

आणि स्थळ आलंही. पुदुकोट्टैचं तालेवार घर, मुलगा मॅट्रिक झालेला, स्वभावाने शांत. मुलाचे वडील मोठे श्रद्धाळू. ज्या घरात असा पुत्र जन्मला त्या घरची मुलगी आम्हांला हवी, हुंडाबिंडा काही नको, असं ते म्हणाले. त्यांनीच पुढाकार घेऊन मठात बोलणी केली आणि संक्रांतीनंतर मला दीक्षा देववायचं ठरवलं. म्हणजे मी कायमचा मठात राहायला जाणार, कॉलेज संपलं, घर संपलं. मी हे सगळं ऐकत होतो. आपल्याला विचारत का नाहीत असं वाटत होतं, आणि विचारलं तर काय सांगणार होतो तेही ठाऊक नव्हतं. एवढं मात्र पक्कं कळत होतं की एकदा भगवी वस्त्रं अंगावर आली की हे दुखणं मरेपर्यंत माझं, मग कुणी त्याला दुखणं म्हणणारसुद्धा नाही.

साखरपुड्याला ते लोक धनुर्मासातल्याच एका सकाळी आले. ओसरीवर सतरंजी, माजघरात बायका, स्वयंपाकघरातून तोच मिऱ्यांचा वास. मला उंच पाटावर बसवलं होतं. गोदाला हिरवं लुगडं नेसवलं होतं, ते तिला आवरत नव्हतं. व्याही उठले, तिला हाताला धरून माझ्यासमोर आणलं, स्वतः गुडघे टेकून बसले आणि हात जोडून म्हणाले, "स्वामी, आज मौन सोडा. पोरीला एक शब्द आशीर्वादाचा द्या."

गोदा माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी तोंड उघडलं. इतके दिवस न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

"मी स्वामी नव्हें," मी म्हटलं. "मी आजारी आहें. मला झोप येत नाही, अन्न जात नाही. मला डॉक्टराकडे न्या."

व्याह्यांनी सावकाश विचारलं, "केव्हापासून?"

"कॉलेजात गेलों तेव्हापासून."

ते उठले. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. वडिलांना एवढंच म्हणाले, "रावजी, हे आधी सांगायचं होतंत." पानं मांडलेली होती, पण ते लोक जेवायला थांबले नाहीत. त्यांच्या गाडीच्या घुंगरांचा आवाज वीधीच्या टोकापर्यंत ऐकू आला, आणि तेवढा वेळ वडील दारातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला घोड्याच्या जटक्यात घालून इस्पितळात नेलं. वाटेत त्यांनी आपलं उपरणं काढून माझ्या अंगावर घातलं. मोठ्या देवळाशी गाडी वळली तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, "मी तुझ्या पाया पडलों, रामा. कपाळाला हात लावून बघितला नाही." मग त्यांनी तिथेच, हलत्या गाडीत, माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ताप नव्हता याचं त्यांना वाईट वाटलं असावं, कारण तापावरचं औषध तरी त्यांना माहीत होतं.

डॉक्टर तमिळ, वयस्क, पानाने ओठ लाल झालेले. त्यांनी माझी जीभ बघितली, नाडी बघितली, आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि विचारत गेले. काय खातोस, काय आठवतं, रडू कधी येतं, पहाटे जाग आल्यावर काय करतोस. असं मला कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी झोपेसाठी एक खारट औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ दूध सांगितलं, नदीकाठाने चालायला सांगितलं, आणि आठवड्यातून दोनदा येऊन फक्त बोलून जा म्हणाले. वडिलांना त्यांनी सांगितलं की दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की अशी एकदोन मुलं येतात. वडील म्हणाले, "एकदोनच?" डॉक्टर म्हणाले, "माझ्यापर्यंत पोचतात ती एकदोन. बाकीची कुठे देवळाच्या खांबाला बांधलेली असतात, कुठे खोलीत कोंडलेली. पाटावर बसवलेला मात्र हा पहिलाच." वडील कसनुसं हसले. मीही हसलो, आणि आपण हसलो याचं मला नवल वाटलं.

मी बरा झालो. एकदम नाही, दोन पावलं पुढे आणि एक मागे असं करत करत, पण झालो. पुढल्या वर्षी पुन्हा कॉलेजात गेलो, पास झालो, आणि अखेर तंजावूरच्या कॉलेजात शिकवायला लागलो. त्या डॉक्टरांचे उपकार मी जन्मभर मानत आलो. पण माझं औषध गोदाच्या ताटातून काढलं गेलं, हे कसं विसरणार? व्याह्यांनी कुणाला मुद्दाम सांगितलं नसेल, पण अशा गोष्टींना पाय फुटतात. तंजावूर, मन्नारगुडी, कुंभकोणम, आमच्या लोकांच्या मोजक्या घरांत एका पंधरवड्यात सगळीकडे कळलं. पोर न्हाती व्हायच्या आत लग्न झालंच पाहिजे, असा तो काळ. वैशाखात तिला एका बिजवराला दिली. तो वडिलांपेक्षा थोडाच लहान होता. माणूस वाईट नव्हता, पण सदा खोकत असायचा. एकोणिसाव्या वर्षी ती परत आली ती आलवण नेसून.

तेव्हापासून ती या घरात आहे. माझ्या मुलांना तिने वाढवलं. मी तिला कधी काही कमी पडू दिलं नाही, आणि जे काही दिलं ते देताना तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. गप्प राहिलो असतो तर मी मठात कुढलो असतो आणि ती पुदुकोट्टैला राज्य करत असती, हे गणित मी शेकडो वेळा मांडलंय. दर वेळी उत्तर तेच येतं आणि दर वेळी मी अपराधी ठरतो. ती हसत ठिपके सांगते तेव्हा तर जास्तच.

आता एफ.ए. जाऊन इंटर आलं, विजेचे दिवे आले, मुलं शर्टाला कॉलर लावून यायला लागली. पण नव्या वर्गात पहिल्या दिवशी उभा राहिलो की त्यातले एकदोन चेहरे मला ओळखू येतात. लिहिल्याचं सोंग करणारा हात मला मागच्या बाकावरूनही दिसतो. मी त्यांना घरी बोलावतो, कॉफी पाजतो, डॉक्टरांकडे चल म्हणतो. काही येतात. बरेच येत नाहीत.

या वर्षी ओरत्तनाडुकडचा एक मुलगा आहे, माधव. आपल्याच लोकांपैकी. राजवाड्यामागच्या गल्लीत आई आणि धाकट्या बहिणीसह बिऱ्हाड करून राहतो. तो वर्गात दिसेनासा झाला म्हणून मी निरोप धाडला, तर काल सकाळी त्याची आईच आली. ओसरीवर अंग चोरून बसली. म्हणाली, "धनुर्मासाचा उपास धरलाय त्यानं. पहाटे उठून बसतो. बोलत नाही. लोक म्हणतात, ह्याचं लक्षण काही वेगळं दिसतं."

मी तिला म्हटलं की त्याला इस्पितळात दाखवू, मी बरोबर येतो. ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "सर, धाकटीचं लग्न जमत आलंय. अशानं मोडलं तर?"

शेकडो मुलांना मी उपदेश केलाय. कॉलेजात मला बोलका माणूस म्हणतात. पण इथे मोडू दे, असं कुठल्या तोंडाने म्हणू? आणि मोडणार नाही, असं तरी कसं म्हणू? पोराचा जीव एका पारड्यात आणि पोरीचा संसार दुसऱ्यात, आणि तराजू धरायला मी बसलोय. बाई उठायच्या बेतात होती.

तेवढ्यात गोदा माजघरातून बाहेर आली. परक्या माणसापुढे ती सहसा येत नाही. तिने विचारलं, "धाकटी काय करते ग त्याचं?"

"अस्क तीच करते, सगळंच," बाई म्हणाली. "त्याच्या दाराशी अंथरूण घालते. तो उठला की ही उठते, मागोमाग जाते. फार जीव आहे भावावर. लोक म्हणतात, सेवा शिकावी तर हिच्याकडून."

"ती सेवा नव्हे," गोदा म्हणाली. "राखण आहे. तो जाऊन जीव देईल, ह्या धास्तीनं पोर निजत नाही."

बाईचा पदराशी चाललेला चाळा थांबला.

"मी केलीय ना," गोदा म्हणाली. आवाज ठिपके सांगतानाचाच. "ह्या अण्णाची. पहाट झाली की विहिरीवर. हाक मारावी तर आई म्हणायची, मौनात आहे, त्रास देऊ नक्को. कोणाला सांगावं तर सगळे त्याच्या पाया पडलेले. म्हणून मी उभी राहायची. तो पडला तर निदान ओरडता येईल म्हणून." तिने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. "माझं लग्न मोडलं ना, त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. सगळ्यांना वाटलं पोर रडून रडून निजली. मी रडलेंच नव्हतें. अण्णा डॉक्टराकडे जाणार म्हणून निजलें. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा निजलें."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. इतकी वर्षं मी तिच्या मोडलेल्या लग्नाची टोचणी जपून ठेवली होती, तिच्यावर उपकार केल्यासारखी. आणि माझ्या एकेका मुक्या पहाटेला एक अकरा वर्षांची पोर थंडीत भीतीने जागी होती, याची मला खबरही नव्हती. गप्प राहून मी काय केलं ते मला काल कळलं. बोलून तिचं लग्न मोडलं त्याचं मात्र तिला कधी काही वाटलंच नव्हतं.

बाई डोळे पुसून उठली. "मग आधी त्याला घेऊन येऊं का?"

"त्याला अण्णा घेऊन जाईल," गोदा म्हणाली. "तू पोरीला हिंगे आण. माझ्याजवळ निजूं दे."

मी जटका बोलवायला निघालो.